सतरा नंबरची मुलाखत

पत्र आलं विद्यापीठाच्या पत्त्यावर,
दवाखान्याच्या अपॉइंटमेंट-कार्डाच्या पाठीवर
बॉलपेननं दोन ओळी:
मी जरा जास्तच बोलले.
माझं बोलणं मला परत हवंय.

तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही,
आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.
संमतिपत्रकात मात्र त्याला मुदत आहे, सहा आठवडे.
आज एकोणचाळिसावा दिवस.

तिचं खरं नाव मी इथेही सांगणार नाही.
टोपणनाव तिनंच निवडलं होतं, ग्लेनिस,
न पटणाऱ्या नणंदेचं.
“येऊ दे सगळं तिच्या नावावर,” म्हणाली
आणि खोकला येईपर्यंत हसली.

ग्रिम्झबी. गोदीमागच्या विटांच्या रांगेतलं घर,
रेडिएटरवर मोजे,
टेबलावर माझा रेकॉर्डर आणि तिची बिस्किटं,
धुराड्यावर भांडणारे सीगल, जे लिहून काढताना
मी प्रत्येक वेळी ‘अस्पष्ट’ असे नोंदवले.
तेवीस वर्षं हॅडॉकचे काटे काढले तिनं
मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात.
वास जावा म्हणून लिंबू चोळलं, कॉफीची पूड, एकदा ब्लीचसुद्धा.
“बसमध्ये आमच्या शेजारची सीट
कायम रिकामी असायची, पोरी.
आम्ही तिथं पिशव्या ठेवायचो.”

याला मी संकेतांक दिला: चार-ब, कलंक. रंग पिवळा.
पिशव्यांसाठी संकेतांक नव्हता.
(हेही खरं तर आता लिहायला नको होतं मी.
बत्तिसाव्या मिनिटाला ती जे बोलली
ते मात्र कुठंच येणार नाही.)

मग तिनं माझा हात ओढला, उलटा केला,
मासळी पारखावी तसा.
“आणि तुझी आई? ती काय करायची?”

विराम. चार सेकंद.
विराम मोजायची आमची रीत आहे,
दुसऱ्यांचे.

“घरीच असायची.”

खोटं नव्हतं ते. घरीच असायची,
सोलापुरात, पत्र्याच्या खोलीत,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, कात्री.
दिवसाला हजार विड्या,
मोजून देताना शंभरेक बाद.
माझ्या वह्यांना, वेण्यांना तो वास.
बाकावर माझ्या शेजारी
मी दप्तर ठेवायचे.

डॉ. हेस्केथ म्हणाल्या, काळजी नको, एकवीस उरतात,
संपृक्तता तर आलीच आहे.
म्हणजे आणखी मीठ घातलं तरी
पाण्यात विरघळत नाही, तो क्षण.

फाईल निवडली. एक्केचाळीस मिनिटं, सात सेकंद.
संगणकानं विचारलं, नक्की?
आधी हलकंच वाटलं, खरं सांगते.
तिच्या बोलण्याबरोबर
माझे चार सेकंद जाणार होते
आणि नंतरचे ते दोन शब्द.
माघार तिनं घेतली,
सुटका माझी होत होती, फुकटात.

पुसलं. नियमाप्रमाणे बॅकअपमधूनही.
एक तळटीप उरेल: एका सहभागी व्यक्तीने माघार घेतली.

रात्री तिसरं प्रकरण उघडलं.
‘संशोधकाची भूमिका’ या मथळ्याखाली
होतं: भारतीय, स्त्री, शिष्यवृत्तीधारक, मध्यमवर्गीय.
शेवटचा शब्द खोडला.
लिहिलं, माझी आई विड्या वळायची.
एवढंच. पुढचं वाक्य सुचेना,
तसंच पाठवून दिलं.

सकाळी समासात लाल शेरा:
संदर्भ? साल?
पान क्रमांक?